मालगुजारी तलावाची पाळ

नागपूरहून उमरेड, भिवापूर या मार्गाने नागभीडला जाणारी अरुंद मापाची आगगाडी २०१९ सालापर्यंत धावत होती. तिच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या शहरवासी प्रवाशास भिवापूर मागे पडल्यावर मुलखाचे रूप पालटत चालल्याचे ध्यानात येई. कापसाची व ज्वारीची राने विरळ होत आणि भाताची बांध्या-बांध्यांची शेते सुरू होत. या शेतांच्या वरच्या अंगास, गावोगाव, मातीचा एक लांबट उंचवटा दिसे. त्यावर मोहाची, जांभळाची जुनी झाडे, एखादे शेंदूर फासलेले दैवत आणि गुराढोरांनी पाडलेली पायवाट. नवख्या माणसास ती एखादी ठेंगणी टेकडीच वाटावी. वस्तुतः ते धरण असते. माणसांनी टोपलीटोपलीने माती वाहून रचलेले, आणि पुष्कळ ठिकाणी दोनशे-तीनशे वर्षांचे.

धरण म्हटले म्हणजे शहरातील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे भाटघर, कोयना, जायकवाडी अशी प्रचंड बांधकामे उभी राहतात. चांदा, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावकऱ्याला धरण असे परके वाटत नाही. त्याच्या लेखी ती गावची पाळ असते. ती फुटली तर खालची शेते वाळूखाली जातात, कधी घरेही जातात. आणि ती टिकली तर भात घरात येते. सहा हजारांहून अधिक तलाव या टापूत आहेत. त्यांतील फार मोठा भाग एके काळी खासगी मालकीचा होता. या लहानशा, खासगी, मातीच्या धरणांची काळजी कोण घेत असे, ती व्यवस्था कशी मोडली आणि तिच्या जागी काय आले, हा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. कारण त्याचा शेवट अजून झालेला नाही.

या मुलखात पाऊस काही कमी नाही. नागभीड-ब्रह्मपुरीकडे वर्षास पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याच्या दुपटीकडे झुकणारे हे मान आहे. परंतु भाताचे पीक मोठे हट्टी. त्याला पाणी भरपूर हवे इतकेच नव्हे, तर वेळेवर हवे. जुलै-ऑगस्टात नदीनाल्यांस पूर यावा आणि सप्टेंबरच्या अखेरीस, लोंबी भरण्याच्या ऐन वेळी, आभाळ कोरडे पडावे, असे येथे वारंवार घडते. त्या दोन-तीन आठवड्यांत एक-दोन पाणी मिळाले तर पीक हाती लागते, न मिळाले तर नुसते तणीस उरते. ज्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एच.एम.टी. हा नामांकित तांदूळ निवडून वाढविला, त्या तालुक्यात भाताचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. जुलैचे पाणी ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवणे, एवढेच या तलावांचे प्रयोजन आहे.

ही युक्ती इकडे कोणी रुजविली? परंपरा तिचे श्रेय चांद्याच्या गोंड राजांस देते. हीरशहा नावाच्या राजाने अशी द्वाही फिरविली म्हणतात की, जो रान तोडून गाव वसवील त्याला त्या जमिनीची सनद मिळेल. आणि जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी बक्षीस मिळेल. १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणाऱ्या मेजर ल्युसी स्मिथ यांनीही ही परंपरा नोंदविली आहे. तलाव बांधणाऱ्यांस मिळणाऱ्या अशा देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका वस्तीला आणि जिल्ह्यातील काही खेड्यांना हे नाव आजही आहे.

या द्वाहीतील शहाणपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. राजाने पैसा दिला नाही आणि देखरेखीस कारकूनही नेमला नाही. पाण्याने भिजेल तेवढी जमीन, एवढीच अट घातली. अर्थात तलाव जितका चांगला तितकी जमीन अधिक, आणि पाळ फुटली की त्या जमिनीची किंमत राहिली नाही. बांधणाऱ्याचा स्वार्थ आणि खाली राहणाऱ्या गावाची सुरक्षितता ही दोन्ही त्या एका अटीने एकाच दाव्याला बांधली गेली.

राजाची अट पुरी करणारे हात मुख्यतः कोहळी समाजाचे होते. ऊस आणि भात पिकविणारी ही शेतकरी जात, तलाव बांधण्याच्या कसबाबद्दल भंडारा व चांदा या दोन्ही जिल्ह्यांत नावाजलेली. नागभीडच्या ईशान्येस, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, नवेगावचा विस्तीर्ण बांध आहे. तो कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे परंपरा सांगते. मृत्यूनंतर त्याचे दैवत झाले आणि कोलासूर या नावाने त्याची पूजा होऊ लागली. धरण बांधणारा माणूस देव व्हावा आणि त्याचे ठाणे धरणाजवळ असावे, यात भाबडेपणा आहे खरा. परंतु ज्या पाळीवर देव बसतो तिच्याकडे गावाचे पाय निदान सणावारी तरी वळतात, हेही विसरता येत नाही.

कोहळ्यांजवळ दुर्बिणीची यंत्रे नव्हती. पावसाळ्यात पाणी कोठून वाहते, कोठे थबकते, हे डोळ्यांनी पाहून ते जागा निवडीत. दोन उंचवट्यांमधील सखल भाग मातीच्या पाळीने अडवावयाचा, पोटात चिकण माती दाबून भरावयाची आणि पाण्याच्या बाजूस लाटांचा मारा सोसण्यासाठी दगड रचावयाचे, अशी साधारण रीत. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी मोरी ठेवीत. तिला इकडे तुडूम म्हणतात. आणि पाळीच्या एका टोकास, शक्य तर मूळच्या कठीण जमिनीत, जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी सांडवा ठेवीत. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्यात, अशी साखळी कित्येक ठिकाणी आढळते. पाण्याचा थेंब वाया न जावा म्हणून योजलेली ही साखळी संकटकाळी मात्र उलटते. वरची पाळ फुटली की तिचे सारे पाणी एकदम खालच्या तलावावर येऊन आदळते आणि मग दुसरी, तिसरी अशी ओळीने पडझड होते.

लहान तलाव म्हणजे लहान धोका, असा समज असतो. थोडा हिशेब करून पाहावा. आठ हेक्टरांचा, म्हणजे वीसेक एकरांचा तलाव या भागात कोणी मोठा म्हणणार नाही. त्यात सरासरी दीड मीटर पाणी धरले तर ते १,२०,००० घनमीटर होते. एका घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे गावाच्या डोक्याशी सव्वा लाख टनांच्या जवळपास वजन मातीच्या एका भिंतीने तोलून धरलेले असते. शिवाय त्या भिंतीच्या पायावरील दाब तलावाच्या विस्तारावर अवलंबून नसून केवळ खोलीवर अवलंबून असतो. पाळीपाशी चार मीटर खोल पाणी असेल तर तळाशी दर चौरस मीटरवर चार टन दाब पडतो. मग तलाव वीस एकरांचा असो की दोन हजार एकरांचा.

मातीच्या धरणाचा नाश बहुधा तीन प्रकारांनी होतो. पहिला, पाणी माथ्यावरून वाहिल्याने. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती काही काळ तरी टिकते; मातीची पाळ मात्र घटकाभरातही कापली जाते. यासाठी सांडवा पुरेसा रुंद आणि मोकळा हवा, आणि पाळीचा माथा कोठेही खचलेला नसावा. दुसरा प्रकार अधिक कपटी आहे. पाळीच्या पोटातून पाणी झिरपते, झिरपता झिरपता मातीचे कण बरोबर नेते आणि आतल्या आत बीळ तयार होते. उंदीर-घुशींची व खेकड्यांची बिळे, तोडलेल्या झाडांची आत कुजलेली मुळे, तुडुमाभोवतीची सैल माती, या त्याच्या नेहमीच्या वाटा होत. तिसरा प्रकार म्हणजे भिजून जड झालेली पाळ घसरणे. भरलेला तलाव एकाएकी रिकामा केला तर आतली बाजू अशी घसरते.

यांपैकी दुसऱ्या प्रकाराची खूण जाणत्यांस ठाऊक असते. पाळीच्या पायथ्याशी थोडे पाणी पाझरावे, यात नवल नाही. ते निर्मळ असेल आणि रोज तेवढेच असेल तर भय नाही. परंतु ज्या दिवशी ते गढूळ दिसते, त्या दिवशी पाळ आतून झिजू लागली आहे असे समजावे. भर उन्हाळ्यात पाळीच्या कोरड्या बाजूस एखादाच हिरवा पट्टा दिसला, तर तोही पाहून ठेवावा. ही विद्या अवघड नाही. मात्र कालचा पाझर कसा होता हे ज्याला आठवते, त्यालाच आजचा गढूळपणा कळतो. म्हणून या धरणांस रोज पाहणारा माणूस लागतो.

तो माणूस पूर्वी कोण होता? चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. नंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी एक मोठा फेरफार केला. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जो पाटील अथवा मालगुजार, त्यालाच त्यांनी गावचा मालक ठरविले. त्याबरोबर गावातील पडीत जमीन, झाडझाडोरा आणि तलाव हेही त्याच्या मालकीचे झाले. तथापि ही मालकी निरंकुश नव्हती. प्रत्येक गावचा वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद तयार होई. कोणत्या शेताला कोणत्या तलावाचे पाणी मिळावे, गुरांनी कोठे प्यावे, गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क कोणते, हे त्यात नमूद असे. तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीस आबपाशी म्हणत, आणि तिचा सारा कोरडवाहूपेक्षा अधिक असे. तो अधिक सारा मालगुजाराच्या हाती येई. म्हणून तलाव राखण्यात त्याचे हित होते.

राखण्याची रीत ठरलेली होती. पावसापूर्वी पाळीवर माती टाकावयाची, सांडव्यातील झुडपे तोडावयाची, तुडूम साफ करावयाचे. त्यासाठी कुळांनी माणशी काही दिवस राबावयाचे. मुसळधार पावसाच्या रात्री कोतवालाने अथवा मालगुजाराच्या गड्याने कंदील घेऊन पाळीवर फेरी मारावयाची. पाणी चढू लागले तर गाव उठवावयाचे.

या व्यवस्थेचे रम्य चित्र रंगविणे सोपे आहे, पण ते सत्यास धरून होणार नाही. कुळांचे ते राबणे पुष्कळदा उघड वेठ असे. पाणी प्रथम मालगुजाराच्या घरशेतीस आणि उरले तर इतरांस, ही तक्रार जुनीच आहे. शिवाय वारसांत वाटण्या होऊन गावाची मालकी आठ आणे, चार आणे, दोन आणे अशी तुकड्यांत विभागली जाई. कर्जापायी गावे शहरातील सावकारांच्या हाती जात, आणि ज्याने आपल्या मालकीचा तलाव उभ्या आयुष्यात पाहिला नाही असा मालक निर्माण होई. दोन आण्यांचा हिस्सेदार सोळा आण्यांच्या दुरुस्तीस हात लावीत नसे. तेव्हा मालकी खासगी होती म्हणून पाळ सुरक्षित होती, असे म्हणता येत नाही. जेथे मालक पाळीजवळ राहत होता आणि पाळीवर त्याचे पोट अवलंबून होते, तेथे ती सुरक्षित होती.

या भेदाची साक्ष परदेशांतही मिळते. इंग्लंडात यॉर्कशायरमधील होमफर्थ गावाच्या वर बिलबेरी नावाचे मातीचे धरण होते. ते कारखानदारांच्या एका मंडळाच्या ताब्यात होते. धरण खचत गेले, इतके की त्याचा माथा सांडव्याच्या तोंडाहूनही खाली आला. म्हणजे सांडवा असून नसल्यासारखा झाला. मंडळाच्या सभासदांस हे ठाऊक होते, परंतु खर्च कोणी करावा हे ठरेना. ५ फेब्रुवारी १८५२ च्या पहाटे धरण फुटले आणि ८१ माणसे बुडाली. चौकशी करणाऱ्या पंचांनी निष्काळजीपणाचा ठपका ठेवला; परंतु कारभार एका मंडळाचा असल्यामुळे कोणा एका व्यक्तीवर मनुष्यवधाचा आरोप ठेवता येत नाही, याबद्दल त्यांस खेद प्रकट करावा लागला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. पेनसिल्व्हेनिया संस्थानात जॉन्सटाउन शहराच्या वरच्या अंगास साउथ फोर्क येथे मातीचे धरण होते. ते मूळचे सरकारी कालव्यासाठी बांधलेले. पुढे ते विकले गेले आणि अखेर पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्रीडामंडळाच्या हाती आले. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून मोडीत विकले होते; ते पुन्हा बसविले गेले नाहीत. माथ्यावरून बग्गी नीट जावी म्हणून धरणाची उंची थोडी कमी केली. तलावातील मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसविल्या, आणि त्यांत केरकचरा अडकून पाण्याची वाट तुंबे. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहिले, धरण गेले आणि बावीसशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मंडळाकडून न्यायालयात कोणासही नुकसानभरपाई मिळाली नाही. मंडळींचा हेतू दुष्ट नव्हता. ते त्या धरणाखाली राहत नव्हते, एवढेच.

मध्यप्रांतात सरकारचे लक्ष या तलावांकडे वळविले ते दुष्काळांनी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांपूर्वी, या प्रांतास पाटबंधाऱ्यांची विशेष आवश्यकता नाही, अशीच राज्यकर्त्यांची समजूत होती. दुष्काळांनी ती पार खोटी ठरविली. दुष्काळी कामांत तलाव बांधण्यास व दुरुस्त करण्यास मालगुजारांना तगाई मिळाली, आणि १९०१ ते १९०३ या काळात काम करणाऱ्या पाटबंधारे आयोगानंतर सरकारने स्वतःचे मोठे तलावही हाती घेतले. नागभीडजवळ डोंगरांच्या कुशीत असलेला घोडाझरीचा तलाव हा त्यांपैकीच. त्याच्या भोवतालच्या अरण्यास २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे शहरांतून मंडळी येतात. घोडाझरीस सरकारी अभियंता मिळाला. आसपासच्या शेकडो मालगुजारी तलावांस मात्र पूर्वीचाच मालक आणि पूर्वीचाच कंदील राहिला.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश विधिमंडळाने १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्याय्य आणि इष्ट बदल होता. गावांबरोबर तलावही सरकारजमा झाले. मात्र ज्यांत दुसऱ्या कोणाचा ओलिताचा हक्क नव्हता, असे काही तलाव जुन्या मालकांकडे राहू देण्याची तरतूद कायद्यात होती. म्हणून आजही क्वचित एखादी पाळ खासगी मालकीची आढळते. बाकीच्यांस कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव असे नाव पडले, आणि त्याचे संक्षिप्त रूप होऊन मामा तलाव हा शब्द सर्वतोमुखी झाला.

मामाकडे भाच्यांनी हक्काने जावे आणि मागावे, हा आपल्याकडील रिवाज. मामाची प्रकृती कशी आहे हे विचारण्याचा रिवाज तितका दृढ नाही. या तलावांचे तसेच झाले. हक्क सर्वांचे राहिले. निस्तारपत्रकात व वाजिब-उल-अर्जात पाण्याची वहिवाट नोंदलेली होती. त्यामुळे पाणीपट्टी द्यावी की पाणी फुकट मिळावे, यावर सरकार आणि शेतकरी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. ज्या पाण्याचे उत्पन्न नाही त्याच्या दुरुस्तीस पैसा नाही, असे सरकारी खाते म्हणे. आणि ज्या तलावाची दुरुस्ती नाही त्याची पट्टी का भरावी, असे शेतकरी म्हणे. दोघांचेही म्हणणे तर्कास धरून होते, आणि दरम्यान दर पावसाळ्यात पाळीची थोडी माती वाहून जात होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि शंभर हेक्टरांपर्यंत ओलीत करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. एका उपअभियंत्याच्या हाताखाली शेकडो तलाव आले. त्या सर्वांवर पावसाळी रात्री फेरी मारणे कोणाही मनुष्यास शक्य नव्हते.

मालगुजार गेला त्याबरोबर त्याची वेठ गेली, हे उत्तम झाले. परंतु त्याच वेठीच्या पोटात पाळीची वार्षिक डागडुजीही होती, तीही गेली. वेठीच्या जागी मजुरी देऊन तेच काम नियमाने चालू ठेवणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही.

पुढे प्रत्येक तलावावर निरनिराळ्या लोकांचे निरनिराळे हितसंबंध जडले. खालच्या शेतकऱ्यास तलाव काठोकाठ भरलेला हवा. म्हणून तो सांडव्यावर दगडमातीचा थर चढवून त्याची उंची वाढवितो. मासेमारीचा ठेका घेणाऱ्या ढीवर बांधवांस मासे निसटून चालत नाहीत. म्हणून सांडव्याच्या तोंडाशी बांबूच्या तट्ट्या उभ्या राहतात. तलावाच्या पोटातील गाळपेर जमीन कसणारास पाणी लवकर उतरावयास हवे. म्हणून तो तुडूम उघडण्याची घाई करतो. यांतील प्रत्येकाची गरज खरी आहे. परंतु साउथ फोर्कच्या धनिकांनी चैनीसाठी जे केले, तेच येथे गरिबीपायी घडते. आणि पाण्याला तो भेद कळत नाही.

अलीकडे या तलावांकडे पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार योजनेत आणि २०१७ पासूनच्या गाळ काढण्याच्या योजनेत अनेक मामा तलाव घेतले गेले. गाळ काढल्याने साठा वाढतो आणि शेतास कसदार माती मिळते. तथापि एक सावधगिरी हवी. पाळीच्या अगदी पायथ्याशी यंत्राने खोल खणले, तर वर्षानुवर्षे बसलेला चिकण मातीचा थर फाटतो आणि खालच्या सच्छिद्र जमिनीतून पाणी पाळीखाली शिरते. कोहळ्यांनी जो पदर पाण्याच्या बाजूस घातला, किंवा जो काळाने आपोआप घातला, तो काढून घेण्यासारखेच हे आहे. पाळीपासून पुरेसे अंतर सोडूनच गाळ काढावयास हवा.

महाराष्ट्रातील शहरवासीयांस धरणफुटी ठाऊक आहे ती १२ जुलै १९६१ च्या पानशेतमुळे. परंतु लहान धरणांचा इशारा अधिक ताजा आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि वीसांहून अधिक माणसे गेली. गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधीच तक्रार केली होती. धरण खेकड्यांनी पोखरले असे विधान एका मंत्र्यांनी केले, तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा योग्यच होती. पण तिचे कारण नीट समजून घ्यावयास हवे. खेकडे मातीच्या धरणात बिळे करतात, हे कोहळ्यांस तीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. खेकड्याने बीळ करावे हा त्याचा धर्म. ते बीळ वेळीच पाहून बुजवावे, हा धरण राखणाराचा. खेकड्याचे नाव पुढे करणे म्हणजे राखणारा कोणी नव्हता, याचीच कबुली देणे होय.

देशासाठी २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस तो अमलात आला. धरण कोणाच्याही मालकीचे असो, त्याची तपासणी व निगा हे मालकाचे कर्तव्य, असे त्याने ठरविले आहे. परंतु तो लागू होतो पंधरा मीटरांहून उंच धरणांस, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या काही ठराविक धरणांस. नागभीडच्या बहुतेक पाळी या मापात बसत नाहीत. मोठ्या धरणांस नियम, नोंदवही आणि अधिकारी मिळाले. चार-पाच मीटरांच्या पाळीस मिळाली ती केवळ तिच्या जुनेपणाची पुण्याई.

ही पुण्याई अक्षय नाही. सुदैवाने तिला जोड देण्यास फार मोठ्या द्रव्याची गरजही नाही. पावसापूर्वी एकदा आणि पावसानंतर एकदा पाळीची पाहणी व्हावी. माथा कोठे खचला आहे का, सांडवा मोकळा आहे का, तुडुमाभोवती माती सुटली आहे का, बिळे किती व कोठे, पाझर निर्मळ आहे की गढूळ, या पाच गोष्टी ग्रामपंचायतीच्या वहीत तारखेनिशी लिहिल्या जाव्यात. जुनी झाडे मनास येईल तशी तोडू नयेत, आणि नवी पाळीवर लावू नयेत. तलाव खासगी असेल तर मालकाने, जिल्हा परिषदेचा असेल तर परिषदेने, त्या गावात राहणारा एक माणूस या कामास नेमावा, त्याला वेतन द्यावे, आणि त्याचे नाव गावातील लहान मुलासही ठाऊक असावे. हीरशहाच्या अटीचे मर्म हेच होते की, जो राखील त्याला त्यातून काही मिळावे आणि चुकला तर त्याला जाब विचारता यावा.

होमफर्थच्या पंचांना दोषी माणूस सापडला नाही, कारण धरण सर्वांचे होते. पूर्व विदर्भात अशा हजारो पाळी आहेत, आणि दर ऑगस्टात त्या काठोकाठ भरतात. नागभीडच्या एखाद्या खेड्यात मुसळधार पावसाच्या रात्री पाळीवर कंदील, किंवा आजच्या काळातील विजेची बत्ती, फिरताना दिसली, तर खालच्या गावाला निर्धास्त झोप येईल. ती कोणाच्या हाती द्यावयाची, एवढे ठरविणे १९५१ सालापासून राहून गेले आहे.